काचमामांच्या कोऱ्या बाटल्या

प्रयोगशाळेत पांढरे कोट घालणारे आम्ही सहा जण होतो आणि बिनकोटाचे एकटे काचमामा. बाटल्या, नळ्या, थाळ्या, जे काही काचेचं असेल ते फिरून फिरून त्यांच्या खोलीत जायचं आणि तिथून लखलखीत होऊन बाहेर यायचं, म्हणून हे नाव. त्यांचं खरं नाव हजेरीपुस्तकात होतं, पण ते कुणी वाचत नसे.

उंच, जरा पोक काढून चालणारे, पन्नाशीला टेकलेले. कोपरापर्यंत रबरी हातमोजे. बोलणं बेताचं. सिंकवर वाकून काम करताना त्यांच्या श्वासातून बारीक शीळ यायची. आम्हाला वाटायचं, मामा स्वतःशी गुणगुणतायत. नऊ वर्षं आमचा हाच समज होता.

माझी खोली त्यांच्या खोलीपासून तीन दारं पलीकडे. माझं काम मोजण्याचं. शिसं, निकेल, कॅडमियम, क्रोमियम अशा जड धातूंची संयुगं आमच्याकडे यायची आणि प्रश्न दरवेळी एकच असायचा: हे जिवंत पेशीतल्या गुणसूत्रांची मोडतोड करतं का? त्यासाठी एखाद्या निरोगी माणसाचं थोडं रक्त घ्यायचं, ते पोषक द्रव भरलेल्या बाटल्यांत थेंब थेंब घालायचं, आणि बाटल्या अंगाइतक्या उबेच्या कपाटात तीन दिवस ठेवायच्या. काही बाटल्यांत धातूचं संयुग कमीजास्त प्रमाणात मिसळायचं. काहींत काहीच घालायचं नाही. या शेवटच्यांना आम्ही 'कोऱ्या' म्हणायचो. सगळा हिशेब कोऱ्यांवर उभा. नुसत्या उबेत, नुसत्या द्रवात पेशी कशा राहतात ते कोऱ्या सांगणार, आणि त्यांच्याशी ताडून बाकीच्यांचं नुकसान ठरणार.

तीन दिवसांनी पेशी दुभंगायच्या बेतात असताना त्यांना थांबवायचं, फुगवायचं, आणि काचेच्या पट्टीवर वरून थेंब टाकायचा. पेशी फुटते, आणि आतली गुणसूत्रं पसरून पडतात. जांभळा रंग दिला की ती दिसू लागतात. पट्टीवर नुसता एक आकडा असायचा. कोणती पट्टी कोऱ्या बाटलीतली, कोणती विषाच्या, हे फक्त आमच्या प्रमुख बाईंच्या वहीत. मला ते कळू द्यायचं नाही, नाहीतर माझे डोळे मनासारखं बघतील. मी एकेका पट्टीवर शंभर पेशी बघायचे आणि मोडलेल्या किती ते लिहायचे. कुणाच्याही रक्तात शंभरात एखाददुसरी मोडकी सापडतेच. ती माणसाची रोजची झीज.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी क्रोमियमचं मोठं काम आलं. नऊ संयुगं, प्रत्येकाची पाच प्रमाणं, शिवाय कोऱ्या. बाटल्या पुरेनात. तेव्हा माळ्यावरून चाळीस जुन्या बाटल्या खाली काढल्या. आतून धुरकट झालेल्या, तळाशी चरे पडलेल्या. बाईंनी त्या उजेडात धरून पाहिल्या आणि मामांना विचारलं, "होतील का हो साफ?"

"होतील की," मामा म्हणाले. "चार दिवस द्या."

चार दिवसांनी बाटल्या आल्या त्या अशा, की रॅकमध्ये काच आहे की नुसती हवा हे हात लावून बघावं. बाईंनी सगळ्यांदेखत त्यांची तारीफ केली. मामांनी मान खाली घातली आणि सिंककडे गेले.

पहिल्या खेपेच्या पट्ट्या मी आठवडाभर मोजल्या. मग बाईंनी वही उघडली, आम्ही भोवती बसलो, आणि एकेक आकडा जुळवायला लागलो. जास्त विषाच्या बाटल्यांत तीस, चाळीस मोडक्या. ते अपेक्षितच होतं. कमी विषाच्यांत नऊ. आणि कोऱ्यांत आठ.

बाईंनी ते दोन आकडे पुन्हा वहीशी ताडून पाहिले. मग म्हणाल्या, "म्हणजे घातलं काय आणि नाही घातलं काय, सारखंच?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्याच पट्ट्या पुन्हा मोजल्या, दुसऱ्या मोजणारीकडूनही मोजून घेतल्या. आठच.

मग संशय रक्तावर गेला. रक्त आमच्या ग्रंथपालांचं होतं. सिगारेट नाही, दारू नाही, चहासुद्धा फिका. बाईंनी त्यांना बोलावून विचारलं, हल्ली एक्स-रे काढला होता का, एखादं जालीम औषध चालू आहे का, चोरून विडी वगैरे? ग्रंथपाल इतके दुखावले की पुढचे दोन दिवस आम्हाला पुस्तकं मिळेनात. दुसऱ्या खेपेला ग्रंथपालांऐवजी माझंच रक्त घेतलं. कोऱ्यांत सात. तिसऱ्या खेपेला पोषक द्रव नवा आणला, उबेचं कपाट बदललं. दोन कोऱ्या बाटल्या होत्या. एकीत एक, दुसरीत नऊ. एकच रक्त, एकच द्रव, एकच कपाट. वेड लागायची पाळी आली. अडीच महिन्यांचं काम पाण्यात जायला आलं होतं.

त्या दिवशी मी दुपारचा डबा उघडून नुसती बसले होते. काचमामा वापरलेल्या बाटल्या न्यायला आले आणि दारातच थांबले.

"ताई, कोऱ्या बिघडल्या म्हणतात."

मी त्यांना सगळं सांगितलं. खरं म्हणजे मन मोकळं करायला सांगितलं, त्यांना कळेल म्हणून नाही. आज याची मला लाज वाटते. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"एक बिघडली, एक नाही. कुठली जुन्या बाटलीत होती?"

बाटली कुठली हे कुणी लिहून ठेवत नसे. बाटली म्हणजे बाटली. मी तसं सांगितलं.

"मला ओळखता येतील," मामा म्हणाले. त्यांनी हातातल्या रॅकमधल्या बाटल्या एकेक करून खिडकीशी धरल्या, अंगठा तळाखालून फिरवला. आकडे चिकटवलेल्या दोन कोऱ्या बाटल्यांपैकी एक नवी होती. दुसरी माळ्यावरची. नऊ मोडक्यांची.

ते रॅक घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाईंच्या खोलीत असताना मामा दारात उभे राहिले. हातमोजे काढलेले होते. त्यांचे उघडे हात मी पहिल्यांदाच पाहत होते. बोटांच्या पेरांवर जुने, खोल, गोल वण होते.

"बाई, तुमच्या कोऱ्या कोऱ्या नाहीत," ते म्हणाले. "त्यांत क्रोम आहे. ते मी घातलंय."

बाईंनी त्यांना बसायला सांगितलं. ते बसले नाहीत.

काच धुवायचं आमच्याकडचं जुनं औषध म्हणजे क्रोमिक आम्ल. लालसर तपकिरी, जहाल. कसलीही घाण त्यात जळून जाते. सगळीकडे तीच रीत होती. एक रात्र बाटल्या त्यात बुडवायच्या, मग दहा वेळा नळाच्या आणि तीन वेळा शुद्ध पाण्याने धुवायच्या. मामांनी त्या चाळीस बाटल्या धुरकट होत्या म्हणून तीन दिवस बुडवून ठेवल्या होत्या.

"धुतल्या मी वीस वीस वेळा," ते म्हणाले. "पण काच जुनी आहे, आतून खाल्लेली. क्रोम गार पाण्याने जातं असं वाटतं, पण जात नाही. फटीत बसून राहतं. उबेत दोनतीन दिवस ठेवलं की हळूच बाहेर येतं."

"हे तुम्हाला कसं माहीत?" बाईंनी विचारलं.

"इथे यायच्या आधी सतरा वर्षं मी क्रोमच्या टाकीवर होतो. नळ, कड्या, सायकलींची हँडलं, सगळ्याला मुलामा द्यायचो. माल धुऊन धुऊन चकचकीत करायचो आणि शेवटच्या हौदातलं पाणी तरी संध्याकाळी पिवळं व्हायचं." मग त्यांनी नाकाला हात लावला. "आतला पडदा गेलाय माझा. भोक आहे आरपार. टाकीवरच्या वाफेनं बऱ्याच जणांचं होतं. तुम्ही सगळे म्हणता ना, मामा गुणगुणतात."

मी खाली पाहिलं.

मामाच पुढे म्हणाले, "कारखान्यात तपासनीस यायचा. सांडपाण्यात कसलेसे दोन थेंब टाकायचा. पाणी जांभळं झालं की मालकाचं तोंड काळं. ते थेंब इथे मिळतील का?"

ते औषध शेजारच्या रसायन विभागात कपाटातच होतं. बाईंनी त्याच दिवशी पाच जुन्या आणि पाच नव्या बाटल्यांत शुद्ध पाणी भरून त्या उबेच्या कपाटात ठेवायला लावल्या. तीन दिवस मामा नेहमीसारखे आले, गेले, बाटल्या धुतल्या. फक्त आम्लाच्या टाकीचं झाकण त्यांनी उघडलं नाही.

चौथ्या दिवशी आम्ही सगळे टेबलाभोवती जमलो. ग्रंथपालसुद्धा आले, त्यांच्या चारित्र्याचा प्रश्न होता. बाईंनी एकेका बाटलीतलं पाणी नळीत घेतलं आणि थेंब टाकले. नव्या बाटल्यांचं पाणी पाण्यासारखंच राहिलं. जुन्या पाचपैकी चार नळ्यांत हळूहळू रंग चढला. फिकट, जांभळा, पांढरा कागद मागे धरल्यावर दिसेल इतकाच.

त्या पाण्यात क्रोम असं कितीसं होतं? डोळ्यांना दिसत नव्हतं, वास नव्हता, नेहमीच्या काट्यावर वजन करू म्हटलं तर काटा हलला नसता. आम्ही शिकलेली सहा माणसं अडीच महिने अंधारात चाचपडत होतो. पण ग्रंथपालांच्या पेशींना, माझ्या पेशींना, डोळे नाहीत, कान नाहीत, तरी तीन दिवसांत ते कळलं होतं. त्या खरं सांगत होत्या आणि आम्ही त्यांना खोटं पाडायला बसलो होतो.

"माझी चूक आहे," मामा म्हणाले.

"चूक पद्धतीची आहे," बाई म्हणाल्या. "वीस वर्षं मीही हेच आम्ल वापरत आले. सापडली तुम्हाला." आणि क्रोमिक आम्लाची टाकी त्यांनी त्या आठवड्यात कायमची बंद केली.

ग्रंथपाल जाता जाता म्हणाले, "माझ्या रक्तावरचा आरोप लेखी मागे घ्यावा." बाईंनी खरोखरच लिहून दिलं.

त्या संध्याकाळी काम आटपून मी दिवे बंद करणार तेवढ्यात मामा आले. "ताई, मला एकदा दाखवाल? काय मोडतं ते?"

नऊ वर्षांत त्यांना हे दाखवावं असं आमच्यापैकी कुणाला सुचलं नव्हतं. मी त्यांना खुर्चीवर बसवलं, आधी चांगल्या पेशीची पट्टी लावली, तेलाचा थेंब टाकला आणि भिंग जुळवून दिलं.

ते बराच वेळ बघत राहिले.

"ही काय, काड्यांसारखी?"

"तीच गुणसूत्रं. मोजा."

ते पुटपुटत मोजायला लागले. दोनदा चुकले, तिसऱ्यांदा शेहेचाळीसवर आले.

"सगळ्यांची शेहेचाळीसच?"

"बहुतेक सगळ्यांची. तेवीस आईकडून, तेवीस वडलांकडून. त्यांना त्यांच्या आईवडलांकडून."

"आणि असं अंगभर?"

"अंगभर. जवळजवळ प्रत्येक पेशीत. आत्ता आपण बोलतोय तेवढ्या वेळात लाखो पेशींनी ही सगळी काडीन् काडी उतरवून घेतली असेल, दोन सारखे वाटे केले असतील, आणि एका पेशीच्या दोन झाल्या असतील."

मामांनी डोळा भिंगावरून काढला आणि स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "मला न विचारता," ते हळू म्हणाले.

मग मी क्रोमची पट्टी लावली. एका गुणसूत्राचा तुकडा पडला होता आणि बाजूला एकटाच राहिला होता. शेजारच्या पेशीत दोन गुणसूत्रं तुटून भलत्याच टोकाला एकमेकांना जोडली गेली होती, चार हातांच्या फुलीसारखी. मामांना काही समजावून सांगावं लागलं नाही. लोखंडावरचा मुलामा कुठे धरला नाही हे ज्यांनी सतरा वर्षं ओळखलं, त्यांची नजर ती.

"हा पडलेला तुकडा. याचं पुढे काय होतं?"

"पेशी दुभंगताना त्याला कुणी ओढून घेत नाही. तो मागे राहतो. कधी पेशी मरते. पुष्कळदा तुकडा वेळेवर परत जोडलाही जातो. पेशीत दुरुस्तीची सोय असते, दिवसरात्र चालू. आपल्याला दिसतात त्या दुरुस्त न झालेल्या."

मामा त्या तुकड्याकडेच बघत होते. मग भिंगावरून डोळा न काढताच म्हणाले, "माझी मुलगी झाली तेव्हा मी टाकीवर होतो. आता तिला दिवस गेलेत. सातवा चालू आहे. तिला मी कधी बोललो नाही, तिच्या आईलाही नाही. पण आत काय घेऊन फिरतोय, हे नऊ वर्षं रोज मनात येतं. माझं रक्त बघाल?"

मी बाईंना विचारलं. बाईंनी मामांना समोर बसवून स्पष्ट सांगितलं, "रक्तातलं सांगू शकेन. फुप्फुसाचं नाही, त्यासाठी डॉक्टरकडे दरवर्षी जायचं. आणि मुलीच्या बाबतीत तुमचं रक्त काही सांगणार नाही. तिची तब्येत चांगली आहे, तपासण्या नीट आहेत, त्यावर विश्वास ठेवा. चालेल?"

"चालेल. जेवढं दिसतं तेवढं सांगा."

त्यांच्या पट्टीवर बाईंनी इतरांसारखाच आकडा लावला आणि ती आम्हा सहा जणांच्या आणि ग्रंथपालांच्या रक्ताच्या पट्ट्यांत मिसळली. त्या आठवड्यात प्रत्येक पट्टी मी डोळ्यांत तेल घालून मोजली, कारण कुठलीही मामांची असू शकत होती. या वेळी दोनशे दोनशे पेशी. आठवड्याअखेर बाईंनी वही उघडली. मामा दारात उभे. शेजारी त्यांची मुलगी. मामांनी तिला शेवटी घरी सांगितलं होतं आणि ती अवघडलेल्या अंगाने दोन जिने चढून आली होती.

"दोनशेत तीन," बाई म्हणाल्या. "ताईंच्या स्वतःच्या पट्टीत चार आहेत."

मामांना आधी अर्थ लागला नाही. मुलीला लागला. ती म्हणाली, "बाबा, ताईंपेक्षा तुमचं बरं आहे," आणि भिंतीशी ठेवलेल्या स्टुलावर बसून रडली, हसता हसता.

"सतरा वर्षं टाकीवर काढली मी," मामा म्हणाले. "मग ते गेलं कुठे?"

"रक्तातल्या पेशी बदलत राहतात," बाई म्हणाल्या. "मोडक्या बहुतेक गळून जातात, मागून नव्या येतात. तुम्ही टाकी सोडलीत, त्यांना सवड मिळाली."

मी हे वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलं होतं. पण त्या माणसाला समोर बघून ते मला पहिल्यांदा कळलं. ज्या अंगानं वणांनी भरलेले हात आणि फाटका पडदा बाहेरून सांभाळला, त्यानं आतून नऊ वर्षं कुणाला न सांगता दुरुस्ती केली होती.

दुसरा एखादा माणूस इथे सुटकेचा श्वास टाकून घरी गेला असता. मामा दुसऱ्या दिवशी जुन्या कारखान्याच्या फाटकावर जाऊन उभे राहिले. तिथे त्यांचा जोडीदार अजून टाकीवर होता. दोघांनी सतरा वर्षं समोरासमोर उभं राहून काम केलं होतं. महिनाभर मामा त्याची आणि इतरांची मनधरणी करत होते, आणि एका सुट्टीच्या सकाळी अकरा माणसं आमच्या जिन्यावर बाह्या सरसावून उभी राहिली. बाईंनी प्रत्येकाकडून लेखी संमती घेतली. रक्त काढून झालं की मामा एकेकाला माझ्या खोलीत आणायचे, खुर्चीवर बसवायचे आणि भिंगातून दाखवायचे. समजावून सांगण्यात मी नव्हतेच.

"या काड्या मोज. घाई करू नको. तुझ्यातही एवढ्याच आहेत. आता ही दुसरी बघ. हे आपल्या टाकीतलं काम."

अकरा दांडगी माणसं एकामागून एक त्या छोट्या भिंगाशी वाकली. एक जण बाहेर जाताना दार हळू लावून गेला.

तिथे अजून काम करणाऱ्या या अकरा जणांचे आकडे चढे निघाले. जोडीदाराच्या शंभरात सात. मालकानं आधी कानांवर हात ठेवले. मग अकरा जण बाईंचं पत्र घेऊन त्याच्या समोर बसले आणि उठेनात. तपासनीसही आला. सव्वा वर्षानं टाक्यांवर झाकणं आली, वाफ ओढून घेणारे पंखे आले, माणसांना मुखवटे मिळाले.

त्यानंतर वर्षभरानं त्यांचं रक्त पुन्हा घेतलं. मी पूर्वीसारख्याच बंद आकड्यांवर मोजलं. जोडीदारानं बाईंना सांगून ठेवलं होतं, माझं काय ते माझ्या जोडीदाराकडूनच कळवा. म्हणून वही उघडल्यावर बाईंनी मामांना बोलावून चिठ्ठी हातात दिली आणि स्वतःचा फोन पुढे सरकवला.

मामांनी हात पुसले, चष्मा लावला, नंबर फिरवला.

"अरे, मी. उभा आहेस का बसलेला? बस जरा."

पलीकडून काहीतरी ऐकू आलं.

"दोन," मामा म्हणाले.

पलीकडून दोनदा तोच प्रश्न आला.

"हो, तुझेच. शंभरात दोन. ताईंनी मोजलेत."

मामा फोन कानाला धरून खिडकीबाहेर बघत राहिले. बाईंनी मला खूण केली, आणि आम्ही दोघी दार ओढून बाहेर येऊन थांबलो.